मेमरी कार्ड दर वेळी फॉरमॅट करावं का?

तुमचे प्रश्न असे आहेत: लग्नाच्या ऑर्डरी नुकत्याच सुरू केल्या आहेत. फोटो लॅपटॉपवर घेतल्यावर कार्डावरचे नुसते डिलीट करावेत की कार्ड फॉरमॅट करावं? एक जण म्हणतो प्रत्येक कामाआधी फॉरमॅट कर, दुसरा म्हणतो त्यानं कार्ड लवकर मरतं. करायचंच तर कॅमेऱ्यात की लॅपटॉपवर? आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की एका जुन्या कार्डावर पुतण्याच्या मुंजीचे फोटो आहेत आणि ते लॅपटॉपला लावलं की ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करा’ असा संदेश येतो.

शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण ती तातडीची आहे. त्या संदेशाला ‘हो’ म्हणू नका. खिडकी बंद करा, कार्ड बाहेर काढा आणि त्याच्या कडेची छोटी लॉकची पट्टी खाली सरकवा. संदेशाचा अर्थ एवढाच की लॅपटॉपला कार्डाची नोंदवही, म्हणजे कुठला फोटो कार्डावर कुठे आहे याची यादी, वाचता येत नाही. फोटो गेले असा त्याचा अर्थ होत नाही. आधी दुसरा कार्ड रीडर लावून बघा, मग दुसरा कॉम्प्युटर. कितीतरी वेळा दोष रीडरचाच निघतो, किंवा कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर बसलेल्या घाणीचा. कार्डावर फाइली मांडायची एक्सफॅट ही पद्धत न कळणारा फार जुना कॉम्प्युटर असेल तरी हाच संदेश येतो. कशानंच जमलं नाही तर फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते नोंदवहीच्या भानगडीत न पडता कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळून फोटो बाहेर काढतं. मिळालेले फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवा, त्याच कार्डावर अजिबात नाही. कार्ड कॉम्प्युटरला दिसतच नसेल, किंवा दिसून मधेच गायब होत असेल, तर घरचे प्रयोग तिथेच थांबवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे न्या. पुतण्याची मुंज पुन्हा होणार नाही.

आता मूळ प्रश्न. मी साताऱ्यात एकवीस वर्षं लग्नं, मुंजी, बारशी, साठीशांत यांचे फोटो काढते. सुरुवात रोलवर झाली, डिजिटल नंतर आलं. माझं उत्तर सरळ आहे: फॉरमॅट करा, प्रत्येक कामाआधी करा, आणि ज्या कॅमेऱ्यात ते कार्ड चालणार आहे त्याच कॅमेऱ्यात करा. त्यानं कार्ड मरत नाही. पण या उत्तराला एक अट आहे, आणि माझ्या मते ती अट उत्तरापेक्षा मोठी आहे. फॉरमॅटचं बटण दाबताना त्या कार्डावरचं सगळं दुसरीकडे दोन ठिकाणी सुखरूप आहे, हे तुम्हाला पक्कं माहीत हवं. ‘बहुतेक घेतलेत’ एवढ्यावर चालत नाही.

फॉरमॅट केल्यावर आत काय होतं ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. कार्ड म्हणजे शेत समजा आणि त्यावरची नोंदवही म्हणजे सातबारा. कोणत्या गटात कोणाचं पीक उभं आहे ते सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट सातबारा कोरा करतं, नवीन वही घालतं आणि म्हणतं, आता सगळं रान मोकळं आहे. शेतातलं पीक मात्र तसंच उभं असतं. त्यावर नवीन पेरणी होईपर्यंत, म्हणजे नवे फोटो येईपर्यंत, जुने फोटो बऱ्याचदा परत मिळू शकतात. एकेक फोटो डिलीट करणं म्हणजे त्याच सातबाऱ्यावर एक नोंद खोडणं. वही जुनीच राहते, खाडाखोडीसकट.

ही खाडाखोडच पुढे नडते. दीडशे फोटो काढले, मधले वीस डिलीट केले, मग पन्नास काढले, त्यातले सात डिलीट केले, असं वर्षभर चाललं की मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत विखुरते. नवीन फोटो मग एका जागी सलग बसत नाही. थोडा इथे, थोडा तिथे, आणि तुकडे कुठे आहेत ते फक्त नोंदवहीला माहीत. ती वही बिघडली तर फोटोचे तुकडे जुळवणं जवळजवळ अशक्य होतं. फॉरमॅट केलेल्या कार्डावर कॅमेरा फोटो सुरुवातीपासून एकापाठोपाठ एक मांडत जातो. तिथे वही गेली तरी फोटो सलग पडलेले असल्यानं सॉफ्टवेअर ते ओळखून उचलू शकतं.

मी हे दोन्ही अनुभवलंय. काही वर्षांपूर्वी वाईजवळच्या एका गावात लग्न होतं. सकाळी हळद, संध्याकाळी गोरज मुहूर्त. नवरीची आजी अंथरुणाला खिळलेली होती. तिला खुर्चीवर बसवून पाच मिनिटांसाठी मांडवात आणलं होतं, हळद लावायला. दुपारी माझ्या मदतनीसानं कार्ड बदलताना सकाळचंच कार्ड परत कॅमेऱ्यात घातलं आणि मोकळं समजून फॉरमॅट केलं. दहा फोटो काढून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं लगेच येऊन सांगितलं. त्यानं ते लपवलं नाही, म्हणून आम्ही वाचलो. कार्ड तिथल्या तिथे लॉक करून वेगळ्या डबीत ठेवलं आणि बाकीचं लग्न दुसऱ्या कार्डांवर काढलं. रात्री घरी येऊन फोटोरेक चालवलं. हळदीचे पहिले दहा-अकरा फोटो गेले होते, कारण नेमक्या त्याच जागी दुपारचे दहा बसले होते. बाकी सगळे मिळाले, आजीचेसुद्धा. फाइलींची मूळ नावं गेली होती, पण फोटो काढल्याची वेळ प्रत्येक फाइलीच्या आतच नोंदलेली असते, त्यावरून क्रम लावता आला. हे जमलं याचं एक कारण म्हणजे ते कार्ड त्या दिवशी सकाळी घरून फॉरमॅट करून नेलेलं होतं.

दुसरा अनुभव शेजारच्या घरातला. त्यांच्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यातलं कार्ड तीनेक वर्षं एकदाही फॉरमॅट झालेलं नव्हतं. भरलं की थोडे फोटो डिलीट करायचे आणि पुढे काढायचे, असं चाललेलं. एका सहलीनंतर सगळे फोटो चुकून उडाले आणि कार्ड माझ्याकडे आलं. तेच सॉफ्टवेअर, तेवढीच मेहनत. निम्म्याहून जास्त फोटोंत वर माणसांचे चेहरे आणि खाली करडा पट्टा, किंवा खाली भलत्याच फोटोचा तुकडा. त्या दिवसापासून मी कॅमेऱ्यात एकेक फोटो डिलीट करणं बंद केलं. नको असलेले फोटो घरी, मोठ्या पडद्यावर बघून काढते. मांडवात घाईत डिलीट करताना शेजारचाच फोटो उडतो, हा धोका वेगळाच.

‘सगळे डिलीट करा’ हा पर्याय फॉरमॅटच्या बदली चालत नाही का, हेही लोक विचारतात. तो फक्त कॅमेऱ्याला दिसणारे फोटो काढतो. किल्लीची खूण करून सुरक्षित केलेले फोटो तसेच राहतात, दुसऱ्या कॅमेऱ्याचे फोल्डर राहतात, आणि नोंदवहीत आधीच काही चूक शिरली असेल तर तीही राहते. फॉरमॅट वही नव्यानं घालतं, म्हणून ती चूक निघून जाते. पण लक्षात असू द्या, फॉरमॅट त्या किल्लीच्या खुणेलाही जुमानत नाही. सुरक्षित केलेला फोटोसुद्धा जातो.

आता ‘कार्ड लवकर मरतं’ याबद्दल. फ्लॅश मेमरी घासते हे खरं आहे. तिच्यावर लिहिण्याआधी जुना मजकूर ठोकळ्याठोकळ्यानं पुसावा लागतो, आणि प्रत्येक ठोकळा ठरावीक वेळाच पुसून घेता येतो. जुन्या एसएलसी जातीच्या चिपांत ही संख्या लाखाच्या घरात होती, हल्लीच्या स्वस्त टीएलसीत ती हजाराच्या आसपास धरतात. पण साधं फॉरमॅट पूर्ण कार्ड पुसत नाही. ते नोंदवहीपुरती इवलीशी जागा लिहितं. शिवाय कार्डाच्या आतला कंट्रोलर लिखाण सगळीकडे वाटत राहतो, एकाच जागी घासू देत नाही. खरी झीज होते ती फोटो लिहिल्यानं. आणि तीही हिशेब केला तर किती? हजारच वेळा धरूया. वर्षाला साठ लग्नं केली आणि प्रत्येक लग्नात तेच कार्ड काठोकाठ भरलं, तरी सोळा वर्षं लागतील. तोवर कॅमेरा दोनतीनदा बदललेला असेल.

कार्डं मरतात ती दुसऱ्याच कारणांनी. लिहिणं चालू असताना, लाल दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढून काढतात. बॅटरी संपत आलेली असताना फॉरमॅट करतात. पॅन्टच्या मागच्या खिशात कार्ड ठेवून त्यावर बसतात, प्लॅस्टिकची कड फुटते, लॉकची पट्टी पडते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नकली कार्ड. बाहेर १२८ जीबी छापलेलं, आत चिप ८ जीबीची. ते फॉरमॅट नीट होतं, १२८ दाखवतंही, आणि ८ जीबीनंतर एकतर जुन्यावरच लिहीत जातं किंवा लिहिलेलं हवेत जातं. फॉरमॅट करून हे कधीच कळत नाही. नवीन कार्ड घेतलं की पहिलं काम म्हणजे एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवणं. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि परत वाचून ताडून बघतं. तास-दोन तास जातात, पण लग्नात नेण्याआधी एवढं करायलाच हवं.

कॅमेऱ्यात की लॅपटॉपवर? कॅमेऱ्यात. एसडी कार्डाची रचना आकारानुसार ठरलेली आहे: २ जीबीपेक्षा मोठ्या आणि ३२ जीबीपर्यंतच्या एसडीएचसी कार्डावर फॅट३२, आणि त्याहून मोठ्या, २ टीबीपर्यंतच्या एसडीएक्ससी कार्डावर एक्सफॅट. कॅमेरा कार्ड ओळखून बरोबर तीच निवडतो. लॅपटॉप निवड तुमच्यावर सोडतो आणि तिथे माणूस विंडोजची एनटीएफएस ही रचना निवडून मोकळा होतो, जी कॅमेऱ्याला वाचताच येत नाही. फॅट३२मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून अशा कार्डावर मंगलाष्टकांचा सलग व्हिडिओ तुकड्यांत मिळतो. कॅमेरा बिघडलेला नसतो.

शिवाय कॅमेरा फॉरमॅट करतो तेव्हा आपल्या सोयीची घरंही बांधतो. डीसीआयएम हा फोटोंचा मुख्य फोल्डर सगळ्यांचा सारखा, कारण कंपन्यांनी मिळून तसा नियमच ठरवलेला आहे. पण त्याच्या आतल्या फोल्डरांची नावं वेगळी. सोनी तर आपल्या फोटोंची एक वेगळी यादीही कार्डावर ठेवतो. लॅपटॉपवरून फोटो उडवले की ती यादी आणि फोटो जुळत नाहीत आणि कॅमेरा यादी दुरुस्त करू का म्हणून विचारत बसतो. कॅननचं कार्ड तसंच निकॉनमध्ये घातलं तर बहुतेक वेळा चालतं, पण ‘बहुतेक वेळा’वर मी कोणाच्या लग्नात विसंबत नाही. कॅमेरा बदलला की आधी कार्ड रिकामं, मग फॉरमॅट. ड्रोनचं कार्ड ड्रोनमध्ये, कॅमेऱ्याचं कॅमेऱ्यात. आणि कॅमेऱ्याचं कार्ड फोनमध्ये घालूच नका. काही अँड्रॉइड फोन ते फोनची अंतर्गत जागा म्हणून वापरू का असं विचारतात, आणि ‘हो’ म्हटलं की आहे ते सगळं पुसून कार्ड कुलूपबंद करून टाकतात.

मॅक वापरत असाल तर आणखी एक. मॅकवर कार्डातले फोटो कचऱ्यात टाकले तरी ते कार्डावरच एका लपलेल्या फोल्डरात पडून राहतात. कचरा रिकामा करेपर्यंत जागा सुटत नाही, आणि माणूस कॅमेऱ्यात कार्ड घालून चक्रावतो की रिकामं कार्ड भरलेलं कसं.

लॅपटॉपवर फॉरमॅट करायची वेळ एकदाच येते: कॅमेरा कार्ड स्वीकारतच नसेल तेव्हा. तेव्हाही विंडोजचं फॉरमॅट वापरू नका. एसडी कार्डाचे नियम ठरवणाऱ्या एसडी असोसिएशनचं स्वतःचं ‘एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर’ आहे, फुकट आहे, ते चालवा आणि मग परत कॅमेऱ्यात फॉरमॅट करा.

कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत फॉरमॅटच्या पडद्यावर ‘लो लेव्हल फॉरमॅट’ असा आणखी एक चौकोन असतो. तो रोज लागत नाही. सलग फोटो काढताना कार्ड अडकायला लागलं, वेग मंदावला असं वाटलं, तर तेवढ्यापुरता करा. मात्र त्यानंतर फोटो परत मिळण्याची आशा ठेवू नका. काही कॅमेरे साध्या फॉरमॅटमध्येही कार्डाला आतून पुसायचा आदेश देतात, त्यामुळे ‘फॉरमॅट झालं तरी परत मिळतं’ यावर विसंबून कधीच वागू नका. वाईच्या लग्नात आमचं नशीब होतं.

म्हणून परत त्या अटीकडे येते. माझी पद्धत अशी आहे. मांडवात फॉरमॅट करायचं नाही, कोणीही नाही, कितीही घाई असो. लागतील त्यापेक्षा जास्त कार्डं न्यायची. भरलेलं कार्ड बाहेर काढलं की त्याच क्षणी लॉकची पट्टी खाली. मग कोणी ते चुकून परत घातलं तरी कॅमेरा कार्ड लॉक आहे असं सांगतो आणि फॉरमॅट करू देत नाही. एवढी साधी गोष्ट मी त्या लग्नानंतर शिकले. डबीत मोकळी कार्डं लेबल वर करून, भरलेली पालथी. प्रत्येक कार्डावर कायमस्वरूपी शाईनं आकडा. कॅमेऱ्यात दोन खाचा असतील तर दोन्हीकडे एकच फोटो लिहायची सोय लावा, आणि फॉरमॅट करताना कुठली खाच निवडली आहे ते मोठ्यानं वाचा.

घरी आल्यावर फोटो कॉपी करते, कट कधीच नाही. कट करताना मधेच केबल हलली तर फोटो धड इकडे नाही, धड तिकडे नाही. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी, मग फाइलींचा आकडा कार्डाशी ताडते आणि फोटो प्रत्यक्ष उघडून बघते. पहिले, मधले, शेवटचे, आणि विधींचे सगळे. आकडा जुळला तरी फाइल अर्धवट असू शकते, ते उघडल्यावरच कळतं. दुसरी डिस्क दुसऱ्या दिवशी भावाच्या घरी जाते. एवढं झाल्यावरही कार्ड त्या रात्री फॉरमॅट होत नाही. बारा तास उभी राहून आलेली असते, डोळे मिटत असतात, अशा हातानं ते काम नको. पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी, बॅटरी पूर्ण भरलेली असताना, एकेक कार्ड घालून त्यातला शेवटचा फोटो बघते, तो डिस्कवर आहे ना हे पाहते आणि मग फॉरमॅट. लगेच एक फोटो काढून तो पडद्यावर उघडून बघायचा. कार्डाला काही व्हायचं असेल तर ते घरी कळू दे, सप्तपदीच्या वेळी नको.

फॉरमॅटशी जोडलेली एक सेटिंग नवीन मुलांकडून हमखास राहते. फाइल नंबर ‘सलग’ ठेवा. नाहीतर काही कॅमेरे प्रत्येक फॉरमॅटनंतर परत ०००१ पासून मोजायला लागतात. तुमच्याकडे मग एकाच लग्नाचे तीन वेगळे फोटो एकाच नावाचे होतात, आणि एका फोल्डरात टाकताना कॉम्प्युटर विचारतो ‘बदलू का?’ रात्री दोन वाजता त्याला ‘हो’ म्हटलेलं मी पाहिलंय. त्यात एका मुलाच्या मामाकडच्या पंगतीचे सगळे फोटो गेले. सलग मोजणीतही ९९९९ नंतर पुन्हा ०००१ येतोच, म्हणून प्रत्येक कार्डासाठी वेगळं फोल्डर करा. दोन कॅमेरे असतील तर बऱ्याच मॉडेलांत नावाची पहिली तीन अक्षरं बदलता येतात, तीही वेगळी ठेवा.

जुनी कार्डं विकण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला सांगायलाच हवं. साधं फॉरमॅट करून कार्ड विकलं किंवा मित्राला दिलं तर वर सांगितलेल्या त्याच फुकटच्या सॉफ्टवेअरनं त्यावरचे फोटो कोणीही बाहेर काढू शकतो. आपल्या कार्डांवर नवरीच्या खोलीतले फोटो असतात, साडी नेसताना, मेंदी वाळवताना, आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडताना. त्या मुलीनं विश्वासानं आपल्याला त्या खोलीत येऊ दिलेलं असतं. कार्ड दुसऱ्याला द्यायचं असेल तर त्या एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटरमध्ये ‘ओव्हरराइट’ हा पर्याय निवडून पूर्ण पुसा, वेळ लागला तरी. मी स्वतः कार्डं विकत नाही. निवृत्त झालेलं कार्ड पत्रा कापायच्या कातरीनं आडवं कापते, आतली काळी चिप दुभंगेल असं.